दोन पंगती एक कधी होतात?

आज एका अगदी घरगुती प्रश्नाकडे वळू या. एका घरात दोन पंगती बसल्या आहेत, एक आतल्या खोलीत, एक बाहेर. जेवणं उरकली. आता देवाचे आभार मानायचे, ते एकत्र की आपापले? तुम्ही म्हणाल, यात कायदा कुठून आला? पण ज्यू धर्मशास्त्रात यावर शतकानुशतकं खल झाला आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मला त्यात वेगळाच प्रश्न दिसतो : ‘आपण’ हा शब्द केव्हा वापरता येतो?

आधी मूळ नियम. पोटभर जेवल्यावर देवाला धन्यवाद द्यावेत, याचा आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या ८व्या अध्यायात आहे. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात ‘बेराखोत’ नावाचा भाग आहे. त्याचं ७वं प्रकरण सांगतं की, तिघं एकत्र जेवले तर एकानं बाकीच्यांना आवाहन करून मगच प्रार्थना म्हणायची. याला म्हणतात झिम्मुन. तीनच का? तालमूदमध्ये त्यासाठी ३४व्या स्तोत्राचा दाखला दिला आहे. तिथं एकजण इतरांना अनेकवचनात बोलावतो, म्हणजे समोर निदान दोघं तरी हवेत. दहाजण झाले की आवाहनात देवाचं नावही येतं.

आता आपल्या दोन पंगती. मिश्ना म्हणते, एका पंगतीतल्या काहींना जरी दुसऱ्या पंगतीतले काही दिसत असतील, तरी दोन्ही मिळून एकच झिम्मुन. दिसत नसतील तर आपापलं. सगळ्यांना सगळे दिसायला हवेत असं नाही, बरं का! तालमूद पुढं म्हणतं, दिसत नसले तरी दोन्हीकडे एकच वाढपी फिरत असेल, तर तो त्यांना जोडतो. मला हे फार आवडतं. यजमान जोडत नाही, विद्वान जोडत नाही; भांडं घेऊन या दारातून त्या दारात जाणारा माणूस जोडतो. आणि त्यानं स्वतः ऑलिव्हएवढा घास खाल्ला असेल, तर मोजणीत तोही धरायचा.

योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरुख’ १५६५ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात या वाढप्याच्या नियमाला एक अट आहे : मुळात एकत्र येण्याच्या इराद्यानंच सगळे बसलेले हवेत. म्हणजे नुसती नजर किंवा नुसती सेवा नव्हे, हेतूही. दोन घरांमध्ये सार्वजनिक रस्ता असेल तर काही केल्या जोडणी होत नाही, असंही एक मत त्यात नोंदवलं आहे. आवाहन करणाऱ्याचे शब्द दोन्ही पंगतींना ऐकू यायला हवेत, हे तर आलंच.

पण कोणाला धरायचं, हा प्रश्न जास्त बोचरा. आपल्याकडे पंक्तिभेद हा शब्द आहेच, वेगळं सांगायला नको. मिश्ना शोमरोनी माणसाला धरते. पुढं तालमूदच्या काळात शोमरोन्यांना परके ठरवलं गेलं. स्त्रिया, गुलाम आणि लहान मुलं या मोजणीत नाहीत. स्त्रियांनी आपापसात झिम्मुन करावं, असं मात्र तालमूद सांगतं.

आणि अडाणी माणूस, ‘अम हाआरेत्स’? त्याला धरू नये, असा नियम होता. अडाणी कोण, याच्या व्याख्याही कडक. एक तर अशी की, ग्रंथ शिकला पण विद्वानांच्या सेवेत राहिला नाही, तोही अडाणीच. रामी बार हामा यांनी या व्याख्येवर बोट ठेवून राव मेनाश्या बार तहलिफा यांना धरलं नाही. मेनाश्या चांगले शिकलेले. पुढं रामी बार हामा वारले, तेव्हा रावा म्हणाले की, मेनाश्यांना वगळलं म्हणूनच ते गेले. तालमूद पुस्ती जोडतं : मेनाश्या विद्वानांच्या सेवेत राहिले होते, यांनी नीट चौकशीच केली नव्हती. धन्यवादाच्या प्रार्थनेतून एकाला वगळलं, त्याचा केवढा हिशेब!

मध्ययुगात फ्रान्स-जर्मनीतल्या तोसाफोत या भाष्यकारांपुढं हा नियम आला. ते म्हणाले, आता याबाबत काटेकोर राहायचं कारण नाही. कारण दिलं ते रब्बी योसे यांचं : नाहीतर जो तो उठेल आणि आपली वेगळी वेदी बांधेल. अडाणी माणूस शहाणा झाला, असं त्यांनी म्हटलं नाही. नियम ग्रंथात तसाच राहिला, आणि अडाणी माणूस पंगतीत बसला.