पाच हजार किलोमीटर आणि बारा हजार रुपये

दिवाळीत अमडापूरला गेलो तेव्हा चुलतभावानं मोबाइलवर एक सायकल दाखवली. मॅट काळा रंग, जाडजूड टायर, पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. किंमत बरोबर बारा हजारांत बसवलेली. त्याला आणि त्याच्या तीन मित्रांना गावापासून वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत सायकलनं जायचंय. वाटेत थांबत थांबत गावच्या अभ्यासिकेसाठी वर्गणी गोळा करायची. खामगाव, अकोला, अमरावती, वर्धा असं करत गेलं तर चारशेच्या आसपास किलोमीटर होतात. गड्याचा आजवरचा सगळ्यात लांबचा सायकलप्रवास म्हणजे चिखली.

"भाऊ, करू का ऑर्डर?"

मी म्हटलं, थांब. आधी तू जिथं चाललायस तिथल्या माणसाची सायकलयात्रा ऐक.

डिसेंबर १९८५. बाबा आमटे बहात्तराव्या वर्षात. पाठीचा मणका असा झालेला की बसणंही जमेना, म्हणून प्रवास गाडीत आडवं पडून. त्यांच्यासोबत शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलवर. कन्याकुमारीहून निघून काश्मीरच्या दिशेनं. हेच ते 'भारत जोडो'. दिल्लीतल्या शिखांच्या हत्याकांडाला जेमतेम वर्ष उलटलं होतं आणि पंजाब धुमसत होता. यात्रा वर्गणीसाठी नव्हती, माणसं एकमेकांशी बोलावीत यासाठी होती. अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर, वेळ तीन महिन्यांहून जास्त. पुढे १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, ईशान्य भारतातून गुजरातकडे, आणखी लांबची.

त्या काळी साध्या घरात सायकल म्हणजे काय होतं, ते बघायला मला लांब जावं लागलं नाही. आजोबांची काळी सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून अजून उभी आहे. अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, मागे कॅरियर, वजन वीस किलोच्या घरात, गियर एकच. इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, म्हणून मी दात मोजले: पुढच्या चक्राला ४४, मागच्याला १८. म्हणजे पायडलची एक फेरी मारली की सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी एकोणीस किलोमीटर. सपाट रस्त्यावर याहून जास्त काय लागतं? आणि बिघडली तर? ज्या गावात पंक्चरवाला आहे, तिथं ती दुरुस्त होते.

(ही रचना काही आपली नाही. इंग्लंडमध्ये १८८५ साली स्टार्लीची 'रोव्हर' आली, दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी. बरोबर शंभर वर्षांनी भारत जोडो निघाली, तोवर मूळ आराखडा तोच होता. सॉफ्टवेअरमध्ये आमचं तीन वर्षांपूर्वीचं काही चालत नाही.)

त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं मार्च १९२८ मध्ये परत आले, सुमारे ७१ हजार किलोमीटर करून. साडेचार वर्षांच्या त्या प्रवासात सस्पेन्शन नव्हतं, हे मी भावाला दोनदा सांगितलं.

त्यानं लगेच नाशिकचे महाजन बंधू काढले. बरोबर आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. तिथं शर्यतीच्याच सायकली लागतात, सोबत मदतीची गाडी आणि माणसंही लागतात. पण आकडे शेजारी ठेवून बघा: भारत जोडो आणि रॅम, अंतर जवळपास सारखं. एकीकडे तीन महिन्यांहून जास्त, दुसरीकडे नऊ दिवससुद्धा नाहीत. महाग सायकल अंतरासाठी लागत नाही, घाईसाठी लागते. आणि वर्गणी मागत जाणाऱ्याला घाई कसली? दिवसाला पन्नास किलोमीटर केले तरी आठ दिवसांत आनंदवन.

मग आजोबांचीच सायकल घ्यावी का? इथं मी स्वतःच्याच विरोधात जातो. आपलं गाव घाटावर, खामगाव घाटाखाली. जाताना उतार आहे, येताना चढ. चढावर ताशी आठ किलोमीटरनं जायचं तर त्या ४४-१८ ला मिनिटाला पंचवीसच फेऱ्या पडतात, म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर सगळा भार. पुढे २८ आणि मागे २८ दातांचा गियर असेल तर त्याच वेगाला बासष्ट फेऱ्या होतात. पाय फिरत राहतात. गियर हवेत ते यासाठी. एकवीस असोत की सात, सगळ्यात हलका गियर केवढा आहे तेवढं विचारा.

मोबाइलमधल्या त्या काळ्या सायकलीत गियर होते, पण स्वस्तातलं सस्पेन्शन वजन वाढवतं आणि उभं राहून पायडल मारलं की जोर खाऊन टाकतं. जाड टायर डांबरी रस्त्यावर ओढत बसतो. डिस्क ब्रेक वाकडी झाली तर आडगावात कोण सरळ करणार? दिसायला मात्र झकास, हे कबूल.

शेवटी आम्ही चिखलीत जुनी हायब्रिड शोधली. पुढचा चिमटा सरळ, बोटभर जाडीचे टायर, साधे रबरी ब्रेक. नऊ हजार. घेण्याआधी दोन गोष्टी तपासल्या: दोन्ही चाकं उचलून फिरवली, डुगत नाहीत ना; आणि वरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून तो उभा राहिला, दांडा लागत नाही ना. उरलेल्या तीन हजारांत हेल्मेट, पंप, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, मागचा लाल दिवा.

परवा त्याचा फोन आला. उंद्रीला जाऊन आला होता, कंबर दुखत होती. सीटची उंची तपासून बघ म्हटलं. परतीला खामगावहून घाट चढायचा की सायकली टेम्पोत टाकायच्या, यावर चौघांचं अजून भांडण चालू आहे.