परदेशी पंतोजींचा परवाना

एका देशाची भाषा दुसऱ्या देशांत जाऊन शिकविणाऱ्या मनुष्याची स्थिति मोठी विलक्षण असते. यजमान देशास त्याची गरज वाटते ती तो परका आहे म्हणून. आणि त्या देशाच्या सरकारास त्याचा संशय येतो तोहि तो परका आहे म्हणूनच. या गरजेचा आणि या संशयाचा मेळ घालण्यासाठीं जो कागद निर्माण झाला, त्यास आज व्हिसा किंवा कामाचा परवाना असें म्हणतात. तो निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रीतीनें घडत गेला. परंतु त्याची घडण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावयाची असेल, तर जपानकडे वळावें लागतें.

१८५८ सालीं जपाननें अमेरिका, हॉलंड, रशिया, इंग्लंड व फ्रान्स या पांच राष्ट्रांशीं तह केले. ते खुषीचे नव्हते. आरमाराची छाया त्यांवर पडलेली होती. या तहांनीं योकोहामा, नागासाकी, हाकोदाते आणि पुढें कोबे व नीगाता हीं बंदरें परकीयांस मोकळीं झालीं. तेथील ठराविक वसाहतींत त्यांनीं राहावें, बंदरापासून दहा री, म्हणजे सुमारें चोवीस मैल, एवढ्या टापूंत हिंडावें. त्यापलीकडे मात्र पाऊल टाकूं नये, असा निर्बंध होता. त्याच तहांनीं दुसरीहि एक गोष्ट केली होती. परकीयानें गुन्हा केला तर त्याचा न्याय जपानी न्यायाधीशानें करावयाचा नाहीं, त्याच्या स्वतःच्या वकिलानें, म्हणजे कॉन्सलनें, करावयाचा. जपानी मुत्सद्द्यांचें म्हणणें साधें होतें. जो आमच्या कायद्यास बांधलेला नाहीं, त्यास आम्ही आमच्या घरांत मोकळा कसा सोडावा? हें म्हणणें न्याय्य नव्हतें असें कोण म्हणेल?

दहा री ओलांडावयाचे तर पासपोर्ट लागे. परकीयानें आपल्या वकिलातीमार्फत जपानी परराष्ट्र खात्याकडे अर्ज करावा, आणि कारण म्हणून प्रकृतिस्वास्थ्य, वनस्पतिसंशोधन किंवा शास्त्रीय शोध यांपैकीं कांहीं तरी लिहावें, अशी चाल होती. १८७८ सालीं उत्तर जपानांत प्रवास करणाऱ्या इसाबेला बर्ड या इंग्रज बाईंनीं आपल्या प्रवासवर्णनांत या कागदावरील अटी नमूद करून ठेवल्या आहेत. रानांत विस्तव पेटवूं नये. घोड्यावर बसून आग पाहावयास जाऊं नये. देवळांच्या भिंतींवर कांहीं खरडूं नये. शिकार करूं नये, व्यापार करूं नये. प्रवासास लागेल त्याहून अधिक काळ घर किंवा खोली भाड्यानें घेऊं नये. यांतील कांहीं अटी वाचून हंसूं येतें. पण देवळाच्या भिंतींची अट कोणाच्या तरी पराक्रमावरूनच घालावी लागली असेल, हें उघड आहे. प्रकृतीच्या नांवानें घेतलेल्या पासपोर्टावर धर्मप्रचार करीत फिरणें प्रामाणिकपणाचें आहे कीं नाहीं, यावर मिशनरी मंडळींतच पुष्कळ वाद झाले.

घर भाड्यानें न घेण्याची अट शिक्षकाच्या आड येणारी होती. प्रवासी आज येतो आणि उद्यां जातो. पंतोजीला वर्षानुवर्षें एका गांवीं राहिलें पाहिजे. यांतून जी वाट निघाली ती अशी कीं, जपानी धन्यानें करारानें नोकरीस ठेवलेल्या परकीयास कराराच्या मुदतीपुरतें अंतर्भागांत राहूं द्यावें. अशा लोकांस ‘ओयातोइ’ म्हणजे नोकरीस ठेवलेले परकीय असें नांव होतें. १८७४-७५ च्या सुमारास नुसत्या सरकारी नोकरींत असे ५०० हून अधिक परकीय होते. खाजगी शाळा व कारखाने यांतले निराळेच. धनी, करार आणि वस्तीची परवानगी हे तीन धागे येथें प्रथम एकत्र वळले गेले. पुढें कायदे बदलले, खात्यांचीं नांवें बदललीं. पण हा पीळ आजपर्यंत उकललेला नाहीं.

याचा उपयोग लोकांनीं चातुर्यानें केला. क्योटो हें जुनें राजधानीचें नगर परकीयांच्या वस्तीस खुलें नव्हतें. अमेरिकेंत शिकून आलेल्या नीजिमा जो यांनीं १८७५ सालीं तेथें दोशिशा ही शाळा काढली, तेव्हां जेरोम डेव्हिस हे अमेरिकन मिशनरी तेथें राहूं शकले ते मिशनरी म्हणून नव्हे, तर एका जपानी गृहस्थाच्या शाळेंतले नोकर शिक्षक म्हणून. धर्मोपदेशकास जें दार बंद होतें, तें इंग्रजीच्या शिक्षकास उघडें होतें.

या व्यवस्थेंत सर्वांत चमत्कारिक स्थिति झाली ती गीडो व्हर्बेक यांची. व्हर्बेक जन्मानें डच. १८३० सालीं झाइस्ट गांवीं जन्मले. १८५२ मध्यें ते अमेरिकेस गेले आणि १८५९ च्या नोव्हेंबरांत मिशनरी म्हणून नागासाकीस उतरले. तेथें त्यांनीं इंग्रजी शिकविली ती नवा करार आणि अमेरिकेची राज्यघटना हीं पुस्तकें हातीं घेऊन. ओकुमा शिगेनोबू व सोएजिमा तानेओमी हे पुढें मंत्रिपदास चढलेले पुरुष त्यांचे विद्यार्थी. १८६९ सालीं नव्या सरकारनें त्यांस टोकियोस बोलावून घेतलें. परंतु या अवधींत एक गोष्ट घडून गेली होती. दीर्घकाळ परदेशीं राहिल्यामुळें हॉलंडचें नागरिकत्व गेलें, आणि अमेरिकेचें तर त्यांस कधीं पुरतें मिळालेंच नव्हतें. पासपोर्ट मागावयाचा तर आपल्या वकिलातीमार्फत मागावा, हा नियम. आणि व्हर्बेकांस वकिलातच उरली नव्हती! अखेर १८९१ सालीं जपान सरकारनें त्यांस व त्यांच्या कुटुंबास एक खास पासपोर्ट करून दिला. त्याअन्वयें जपानी प्रजाजनांप्रमाणें देशांत कोठेंहि फिरण्याची व राहण्याची त्यांस मोकळीक मिळाली. ज्यांच्या पाठीशीं बलाढ्य राष्ट्रांचीं आरमारें होतीं त्यांस जें मिळालें नाहीं, तें या निराधार शिक्षकास मिळालें. कारण उघड आहे. त्यांच्या मागें कोणी कॉन्सल नसल्यामुळें त्यांचा न्याय जपानीच करणार होते. मात्र तो पासपोर्टहि एका वर्षाचा असे, आणि दर वर्षीं नवा करून घ्यावा लागे. १८९८ सालीं टोकियोंत व्हर्बेक वारले व तेथील आओयामा दफनभूमींत त्यांस पुरण्यांत आलें.

व्हर्बेक यांच्याहून अधिक परिचित नांव लॅफ्काडियो हर्न यांचें. ग्रीक आई, आयरिश बाप, डब्लिनमध्यें बालपण आणि अमेरिकेंत वृत्तपत्रांची उमेदवारी, असा हा सर्व देशांचा आणि कोणत्याहि देशाचा नव्हे असा मनुष्य १८९० च्या एप्रिलमध्यें योकोहामास आला. तो आला लेखक म्हणून. परंतु प्रकाशकांशीं बेबनाव झाला आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. बॅसिल हॉल चेंबरलेन या जपानी भाषेच्या पंडितांच्या साह्यानें त्यास पश्चिम किनाऱ्यावरील मात्सुए गांवीं इंग्रजी शिक्षकाची जागा मिळाली. पगार दरमहा १०० येन. त्या गांवच्या मानानें हा पगार फारच मोठा होता. पुढच्याच वर्षीं त्यानें कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यांतील स्त्रीशीं संसार मांडला, आणि कुमामोटो येथील वरिष्ठ शाळेंत २०० येनांवर गेला. त्या शाळेचे मुख्य होते जूदो विद्येचे प्रवर्तक कानो जिगोरो. १८९४ मध्यें ती नोकरी सोडून हर्न कोबेस एका इंग्रजी पत्रांत गेला. कोबे हें मोकळें बंदर. तेथें करार नसला तरी परकीयाच्या वस्तीस हरकत नव्हती.

आतां प्रश्न आला तो बायकामुलांचा. १८७३ च्या हुकुमाप्रमाणें परकीयाशीं विधिपूर्वक विवाह करणारी जपानी स्त्री आपलें जपानी नागरिकत्व गमावीत असे. सेत्सुबाई इंग्रज प्रजा झाल्या असत्या, तर त्यांस आपल्याच देशांत परक्या बाईसारखें वसाहतींत राहावें लागलें असतें. उलट, परकीय पुरुष जपानी कुटुंबांत दत्तक गेला तर तो जपानी होई. हर्ननें ही दुसरी वाट पत्करली. १८९६ च्या फेब्रुवारींत तो कोइझुमी घराण्यांत दाखल झाला आणि कोइझुमी याकुमो हें नांव त्यानें घेतलें. त्याच वर्षीं टोकियोच्या विद्यापीठानें त्यास इंग्रजी वाङ्मयाचा व्याख्याता नेमलें.

येथें हर्नच्या मनांत एक शंका आली. परकीय शिक्षकास जो भारी पगार मिळतो तो परकेपणाचा मोबदला; मग जपानी झालेल्या शिक्षकास तो कां मिळावा? महाविद्यालयाचे प्रमुख तोयामा यांनीं त्यास निर्धास्त केलें, आणि दरमहा ४०० येनांच्या घरांत पगार मिळूं लागला. परंतु ही शंका अनाठायीं नव्हती. सात वर्षांनीं ती खरी ठरली. परकीय अध्यापकांस मिळणारी रजा त्यानें मागितली, तेव्हां ‘तुम्ही जपानी प्रजाजन आहां’ या मुद्द्यावर ती नाकारण्यांत आली. आणि परकीयांवरील खर्च कमी करण्याची वेळ आली, तेव्हां परकीयांच्या पटांतून त्याचेंच नांव निघालें. विद्यार्थ्यांनीं गलबला केला. पण १९०३ च्या मार्चमध्यें तो विद्यापीठांतून बाहेर पडला. त्याच्या जागीं जे आले त्यांत सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनास जाऊन आलेले नात्सुमे सोसेकी होते, जे पुढें आधुनिक जपानचे अग्रगण्य कादंबरीकार म्हणून गाजले. विद्यापीठाकडून त्यांस मिळत वर्षाला ८०० येन. म्हणजे हर्नच्या दोन महिन्यांच्या पगारांत सोसेकींचें वर्ष निघे. त्यांचे तास थोडे होते, हें खरें. विद्यापीठास दोष द्यावा तर त्याच्याहि बाजूनें बोलण्यासारखें आहे. परकी भाषा आपल्याच माणसांनीं शिकवावी यासाठीं तर इतकीं वर्षें मुलें परदेशीं धाडलीं होतीं. हर्न पुढच्याच वर्षीं, १९०४ च्या सप्टेंबरांत, वारला.

मध्यंतरीं जुनी चौकट नाहींशी झाली होती. सुधारलेले तह १७ जुलै १८९९ पासून अमलांत आले. कॉन्सलांचीं न्यायालयें गेलीं, वसाहतींच्या भिंती गेल्या, दहा रींची हद्द गेली. त्याच वर्षीं एक फर्मान निघालें कीं, परकी मजुरांस जुन्या वसाहतींबाहेर काम करावयाचें तर परवानगी काढावी लागेल. त्याचा रोख चिनी मजुरांवर होता. लेखणीचें काम करणारा मोकळा आणि पाटीचें काम करणारा अडलेला, हा भेद तेव्हांपासूनचा.

परंतु लेखणीवाला तरी कितपत मोकळा होता? टोकियोच्या परकी भाषांच्या शाळेंत १९०९ सालीं हिंदुस्थानी भाषेचे अध्यापक म्हणून भोपाळचे मौलवी बर्कतुल्ला यांची नेमणूक झाली. हे केवळ व्याकरण शिकवून थांबणारे गृहस्थ नव्हते. त्यांनीं तेथून एक पत्र काढलें, त्यांत ब्रिटिश राज्यावर टीका येऊं लागली, आणि इंग्लंड तर जपानचें दोस्त राष्ट्र. १९१२ सालीं तें पत्र बंद पाडण्यांत आलें. १९१४ मध्यें ब्रिटिशांच्या दडपणानें नोकरीहि गेली. बर्कतुल्ला सान फ्रान्सिस्कोस जाऊन गदर पक्षास मिळाले, आणि १९१५ च्या डिसेंबरांत काबूल येथें स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान झाले. वस्तीचा परवाना मागावा न लागण्याच्या काळांतहि शिक्षकाचा देशांतला थारा नोकरीच्या करारावरच होता, हें येथें दिसून येतें.

पहिल्या महायुद्धानें जगभर पासपोर्ट आणि व्हिसा यांची सक्ति आणली. जपाननेंहि १९१८ सालीं ती केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ मध्यें, परकीयांच्या प्रवेशाचा नवा कायदा झाला, आणि १९९० पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें वस्तीचे दर्जे कामाप्रमाणें बारकाईनें वाटून दिले. विद्यापीठांतला अध्यापक एका दर्जांत, शाळेंतला भाषाशिक्षक दुसऱ्यांत, खाजगी भाषावर्गांतला तिसऱ्यांत. शाळा सोडून खाजगी वर्गांत जावयाचें तर दर्जा बदलून घ्यावा लागतो. धनी बदलला तर चौदा दिवसांच्या आंत सरकारास कळवावें लागतें. आणि सबळ कारणावांचून तीन महिने आपलें काम केलें नाहीं, तर वस्तीचा हक्क काढून घेतला जाऊं शकतो. १९८७ सालीं सरकारनें चार इंग्रजीभाषी देशांतून ८४८ तरुण शाळांच्या मदतीस आणविले, तेव्हांपासून अशा शिक्षकांचा ओघ वाढला. २००७ च्या ऑक्टोबरांत नोव्हा ही सर्वांत मोठी खाजगी भाषाशाळा बुडाली, तेव्हां सुमारें ४००० परकी शिक्षक एकदम उघड्यावर पडले. व्हिसाची मुदत कायम होती; पण ती सरल्यावर पुढील मुदत मागावयास धनी लागतो, आणि धनीच बुडाला होता.

शाळेंत साहाय्यक म्हणून परकी भाषा शिकविणाऱ्यास आज दोन अटी पुऱ्या कराव्या लागतात. पदवी किंवा तत्सम पात्रता हवी. आणि जी भाषा शिकवावयाची त्या भाषेच्या माध्यमांतून निदान बारा वर्षें शिक्षण झालेलें हवें. मातृभाषेचा प्रश्न येथें येत नाहीं. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळेंत पहिलीपासून शिकलेली मराठी मुलगी या कसोटीस उतरते; मराठी शाळेंत शिकून पुढें इंग्रजीची एम्. ए. झालेली तिची मोठी बहीण, इंग्रजी कितीहि उत्तम असली तरी, वर्षांच्या हिशोबांत उणी पडते. हर्नकडे पदवी नव्हती. व्हर्बेकांचें बाळपणचें शिक्षण हॉलंडांत झालेलें. मात्सुए किंवा नागासाकी येथील एखाद्या शाळेंत साहाय्यक शिक्षकाची जागा आज मागितली असती, तर दोघांचेहि अर्ज बहुधा परत आले असते.