अद्भुत कादंबरी : उन्हाळ्याच्या सुट्टीतलं हलकंफुलकं वाचन

मे महिन्यात सिल्लोडमध्ये भर दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा वेळी जादू, राक्षस आणि उडत्या घोड्यांची कादंबरी हाताशी असावी. तिलाच अद्भुत कादंबरी किंवा ‘फँटसी’ म्हणतात.

हे खूळ परदेशातून आलं, असं अनेकांना वाटतं. पण सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावाजवळची लेणी बघा. १७ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकात सिंहल या व्यापाऱ्याची कथा भिंतीवर रंगवली गेली. जहाज फुटतं, व्यापारी राक्षसिणींच्या बेटावर अडकतात आणि उडता पांढरा घोडा सिंहलाला सोडवतो. एक राक्षसीण मात्र रूप पालटून त्याच्यामागे थेट राजवाड्यात शिरते!

मराठी कादंबरीची सुरुवातही बरीचशी अशीच झाली. आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात रंजक काही घडतच नाही, म्हणून अद्भुत लिहावं लागतं, असं ना. स. रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या (१८६८) प्रस्तावनेत सांगितलं. का. बा. मराठे यांनी १८७२ च्या निबंधात अशा लेखनावर टीका केली. पुढे ह. ना. आपटे यांनी कादंबरी वास्तवाकडे नेली, ते चांगलंच झालं. पण अद्भुत वाचणारा मात्र तेव्हापासून जरा कमी प्रतीचा ठरला.

सुरुवात नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पासून (१९१३) करावी. भाषा जुनी आहे, थोडा धीर धरा. मुलांना मराठीत अनुवादित झालेला ‘हॅरी पॉटर आणि परीस’ द्या. ‘परीस’ म्हणजे काय, हे आजीही सांगेल.