भूक पोटाची की मनाची?

पोटभर जेवण झालंय, तरी काहीतरी चटपटीत खावंसं वाटतं. असं तुमचंही होतं का?

१९१२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगासाठी वॉशबर्न यांनी नळीला जोडलेला फुगा गिळला. पोट आकुंचन पावलं की त्यांना भूक जाणवे. भूक म्हणजे पोटाचीच हाक, असं तेव्हा वाटलं.

पण मग भरल्या पोटी माणूस का खातो? लठ्ठ मुलांचा अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हिल्डे ब्रुख यांनी वेगळं मत मांडलं: भूक ओळखणं बाळाला शिकावं लागतं. प्रत्येक रडण्यावर खाऊच मिळाला, तर पुढे भीती, एकटेपणा आणि भूक यांतला फरक त्याला कळत नाही.

म्हणून स्वतःला ‘खादाड’ म्हणून दोष देऊ नका. हा फरक मोठेपणीही शिकता येतो. पोटाची भूक हळूहळू वाढते, भाजी-भाकरीनेही भागते. मनाची भूक अचानक येते, ठरावीक पदार्थच मागते आणि खाल्ल्यावर बहुधा अपराधी वाटतं. अशा वेळी दहा मिनिटं थांबा आणि आज मनाला काय लागलंय, ते विचारा. खाण्यावर वारंवार ताबा सुटत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांशी बोला.