सोमल, बुळकांडी आणि संशय

मी रसायनशास्त्र शिकवतो. वर्गात आर्सेनिकचा विषय निघाला की मला आजोबांचे बोलणे आठवते : "ढोर पडलं की लोक आधी आमच्याकडं बघायचे, मंग ढोराकडं." मेलेली ढोरे ओढण्याचे काम त्यांनी तरुणपणी केले होते. कुणाचा बैल रात्रीत दगावला की सोमल घातल्याचा बोभाटा व्हायचा आणि महारवाड्यात झडती यायची. हे मी बरीच वर्षे केवळ गाऱ्हाणे म्हणून ऐकले. विषपरीक्षेचा इतिहास वाचू लागलो तेव्हा त्यातला अर्थ उमगला.

सोमल म्हणजे पांढरा आर्सेनिक. अन्नात मिसळला तर सहसा कळत नाही. 1833 साली इंग्लंडात जॉन बोडल याच्यावर आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा खटला झाला. जेम्स मार्श या रसायनज्ञाने विष ओळखले, पण ज्यूरीपुढे येईपर्यंत नमुना बिघडला आणि आरोपी सुटला. मार्शने मग 1836 मध्ये नवी परीक्षा जाहीर केली. संशयित पदार्थ जस्त आणि गंधकाम्लात टाकायचा, निघणारा वायू पेटवायचा, ज्योतीवर थंड काच धरायची. आर्सेनिक असेल तर काचेवर काळा चकचकीत डाग उमटतो. न्यायालयाला डोळ्यांनी दिसणारा पुरावा मिळाला.

हे शास्त्र इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले. मद्रासला 1849 मध्ये आणि मुंबईला 1870 मध्ये सरकारी रसायन परीक्षकाची प्रयोगशाळा निघाली. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 429 नुसार गाय-बैल विषाने मारणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होती. परंतु संशयित निवडण्याचे काम प्रयोगशाळेचे नव्हते. ते जातीने आधीच करून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायव्य प्रांतातील सरकारी लिखाणात चमार ही अख्खी जातच गुरांना विष घालणारी ठरली. कारण सांगितले जाई ते एवढेच : मेलेल्या ढोराचे कातडे त्यांना मिळते. गावाने लादलेले कामच गुन्ह्याचा हेतू म्हणून त्यांच्यावर उलटले!

काही प्रकरणांत सोमल खरोखर सापडला, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न बाकीच्या ढोरांचा आहे. त्याच काळात बुळकांडीने गुरे पटापट मरत होती. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1871 मध्ये या साथींवर अहवाल दिला. बुळकांडीतही ढोर हगवणीने खंगते आणि सोमलानेही. नुसते बघून निवाडा करणारा गावकरी किंवा शिपाई दोन्हींत फरक कसा करणार?

दुसरे विष गुंजेचे. गुंजा वाटून, वाळवून सुई करायची आणि ती जनावराला टोचायची. कलकत्त्यात वॉर्डन आणि वॅडेल यांनी 1884 मध्ये दाखवले की हे विष जंतूंचे नसून बियांतल्याच द्रव्याचे आहे. मार्शच्या परीक्षेत ते दिसत नाही. म्हणजे काच स्वच्छ राहिली तरी आरोपी संशयातून सुटत नव्हता. आणि डाग उमटला तरी तो विषाचे नाव सांगतो, घालणाऱ्याचे नाही. ते दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करावे लागते. त्या पुराव्याची जागा जातीने घेतली, ही माझी तक्रार आहे. शास्त्राविषयी माझी तक्रार नाही. उलट, ते आमच्यापर्यंत पोचलेच नाही.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, ढोरे ओढणे सोडा असे सांगितले. त्यामागे स्वाभिमान होता, हे आपण जाणतो. मला त्यात आणखी एक सुटका दिसते. जो मेल्या ढोराजवळ जातच नाही, त्याला त्याच्या मरणाचा जाब कोण विचारणार?

बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे 2011 मध्ये जाहीर झाले. तेव्हा आजोबा नव्हते. त्यांच्या गावातून एखाद्या ढोराच्या पोटातला चारा तपासायला पाठवला होता का, असे मी एकदा त्यांना विचारले होते. तसे काही त्यांना आठवत नव्हते. झडत्या मात्र एकेक आठवत होत्या.