टपालाच्या पिशवींतील कायदा

पत्र ज्याचें त्याच्या हातीं पोंचवावें, आंत काय आहे याची उठाठेव करूं नये, हें टपालखात्याचें जुनें ब्रीद. त्यास बाध आणणारा कायदा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ता. ३ मार्च १८७३ रोजीं झाला. त्याचा पुरस्कर्ता अँटनी कॉमस्टॉक हा न्यू यॉर्कमधील कापडाच्या पेढीवरील एक कारकून. कायद्यास पुढें त्याचेंच नांव पडलें, व अंमलबजावणीसाठीं टपालखात्याचा विशेष अधिकारीही तोच नेमला गेला.

या कायद्यानें अश्लील पुस्तकांच्या पंक्तीस गर्भनिरोधाचीं व गर्भपाताचीं साधनें बसविलीं. तीं कोठें मिळतात ही नुसती माहितीही टपालांतून वर्ज्य ठरविली. खरी मेख येथें आहे. अश्लीलता व वैद्यक एकाच कलमांत गोंवल्यामुळें वैद्याचा सल्लाही संशयास पात्र झाला.

मार्गरेट सँगर या परिचारिकेवर १९१४ सालीं खटला झाला, तो आपलें मासिक टपालानें पाठविल्याबद्दल. १९१६ सालीं तो मागें घेण्यांत आला. याच बाई १९३५ सालीं वर्ध्यास गांधीजींना भेटल्या. पण कृत्रिम साधनांविषयीं उभयतांचें एकमत झालें नाहीं. पुढें डॉ. हॅना स्टोन यांच्याकडे जपानहून आलेलें पुडकें जकातखात्यानें अडविलें, तेव्हां वैद्यानें रोग्याच्या हितासाठीं मागविलेल्या साधनांस बंदी लागू नाहीं, असा निर्णय १९३६ सालीं न्यायालयानें दिला. १९७१ सालीं गर्भनिरोधक साधनें कायद्यांतून वगळलीं गेलीं; गर्भपाताचीं मात्र राहिलीं.

१९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गर्भपाताचा हक्क मान्य केला, आणि उरलेलें कलम निजलें. पण तें रद्द मात्र झालें नाहीं. २०२२ सालीं तोच हक्क त्याच न्यायालयानें काढून घेतला. तोंपर्यंत, २००० सालीं मान्यता मिळालेलें मिफेप्रिस्टोन हें औषध टपालानें पाठविण्याची मोकळीक २०२१ मध्यें झाली होती. साहजिकच जुनें कलम जागें झालें. बेकायदा वापराचा हेतु नसल्यास पाठविणाऱ्यास दोष नाहीं, असें न्यायखात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें मत दिलें. विरोधक मूळ शब्दांवर बोट ठेवीत राहिले. २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या औषधाविरुद्धचा दावा फेटाळला, तो वाद्यांस दावा आणण्याचा अधिकारच नाहीं म्हणून. मूळ प्रश्न तसाच राहिला.

सुधारकांनीं यांतून एवढें घ्यावें: जो कायदा कोणी वापरीत नाहीं तो मेला असें समजूं नये. तो रद्द करावयाचा, तर लोक त्याला हसत असतात तेव्हांच करावा.