दार बंद, फाईल उघडी

११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणच्या वाळवंटात पाच अणुचाचण्या झाल्या. त्यानंतर महिना उलटायच्या आतच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरांत काही परदेशी मुलं शिरली. पंधरा ते अठरा वर्षांची ही मुलं अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स आणि न्यूझीलंडमधली होती आणि त्यांच्या टोळीचं नाव ‘मिल्वर्म’ होतं. त्यांनी केंद्राच्या वेबसाइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं, शास्त्रज्ञांच्या ईमेल उतरवून घेतल्या आणि पुरावा म्हणून काही कागदपत्रं ‘वायर्ड न्यूज’च्या बातमीदाराकडे पाठवून दिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती बातमी जगभर गेली.

ज्या जागेत हे घडलं तिथे आत शिरणं किती अवघड आहे, हे मुंबईकराला सांगायला नको. एका बाजूला ट्रॉम्बेचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि शेजारी माहुलच्या रिफायनऱ्या. जानेवारी १९५४ मध्ये होमी भाभांच्या पुढाकाराने इथे अणुऊर्जा संस्था उभी राहिली. ४ ऑगस्ट १९५६ ला ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी इथेच सुरू झाली आणि भाभांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये, संस्थेला त्यांचं नाव मिळालं. अणुशक्तीनगरच्या बाजूने येणाऱ्याला गेटवर सशस्त्र पहारा ओलांडावा लागतो. पोरं आली ती या गेटने नव्हेच, टेलिफोनच्या तारेने आली.

संगणक ट्रॉम्बेला नवे नव्हते. १९६९ मध्ये तयार झालेल्या ‘टीडीसी-१२’ या देशी संगणकाच्या नावातच ट्रॉम्बे आहे. त्याची रचना इथल्या शास्त्रज्ञांनी केली आणि पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने त्या घराण्यातली यंत्रं बनवली. बेस्म-६ हे सोव्हिएत यंत्रही इथे होतं. त्या काळात कुठल्याही मोठ्या संगणककेंद्रात पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि छापील निकाल नंतर येऊन घ्यायचा, अशी पद्धत होती. गठ्ठा कुणाचा हे वरच्या कार्डावरून कळायचं. यंत्रासमोर बसून ‘मी अमुक’ असं सांगायची वेळ वापरणाऱ्यावर येतच नव्हती.

ती वेळ आली एकाच संगणकावर एकाच वेळी अनेकजण बसू लागले तेव्हा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ‘सीटीएसएस’ ही व्यवस्था दाखवली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायच्या म्हणून तिला पासवर्ड लावले गेले. वर्षभरातच ते फुटले. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास यंत्र मिळायचं आणि त्याचं काम तेवढ्यात भागेना. फाईलचं नाव लिहिलेलं कार्ड दिलं की ती छापून मिळते, हे त्याला माहीत होतं. एका शुक्रवारी रात्री उशिरा त्याने पासवर्डांची फाईलच छापायला टाकली आणि शनिवारी भल्या पहाटे जाऊन कागद उचलले. त्यानंतर तो दुसऱ्यांच्या वेळेत काम करू लागला.

त्याने एकही पासवर्ड ओळखायचा प्रयत्न केला नव्हता. ट्रॉम्बेचं प्रकरण समजून घ्यायचं तर हेच लक्षात ठेवायला हवं.

पुढे युनिक्सने पासवर्ड जसाच्या तसा साठवणं बंद केलं. त्यावर प्रक्रिया करून तयार झालेला, उलटवता न येणारा ठसा तेवढा ठेवायचा, म्हणजे फाईल कुणीही वाचली तरी हरकत नाही, असा हिशेब होता. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी १९७९ मध्ये त्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी जमवलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, फारच सोपे निघाले. कुणी एकच अक्षर ठेवलं होतं, कुणी तीन, तर कुणी शब्दकोशातला सरळ शब्द. ठसा उलटवता येत नसला तरी शब्दकोशातला एकेक शब्द घेऊन त्याचा ठसा काढायचा आणि फाईलशी ताडून बघायचा, एवढं कुणालाही जमतं. तेही स्वतःच्या घरी, सवडीने.

‘फोर्ब्स’ने नोव्हेंबर १९९८ मध्ये ट्रॉम्बेची जी हकिगत छापली, तीत हेच होतं. एका पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने ‘जॉन द रिपर’ हा पासवर्ड फोडणारा प्रोग्राम चालवला आणि मिनिटभराच्या आत त्याला एक लॉगिन मिळालं. मग त्या वाटेने इतरही घुसले. केंद्राकडून मेल पोचवणाऱ्या ‘सेंडमेल’ प्रोग्राममधल्या त्रुटीचा उल्लेख झाला. दोन्ही खुलाशांत एक गोष्ट समान आहे. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर अकाउंट लॉक करणारं कडक सेटिंग असतं, तरी अशा हल्ल्यात ते कामाला आलं नसतं. ठसे घरी नेऊन फोडणाऱ्याच्या चुका सर्व्हरला दिसतच नाहीत, मग तो मोजणार काय?

नुकसान मर्यादित राहिलं याचं श्रेय केंद्राने वेगळ्याच गोष्टीला दिलं आणि ते पटण्यासारखं आहे. महत्त्वाची माहिती असलेले संगणक या जाळ्याला जोडलेलेच नव्हते.

तरीही कार्यालयांनी पुढच्या काळात भर दिला तो लॉकवरच. विंडोज एनटीमध्ये किती चुकांनंतर अकाउंट बंद करायचं आणि किती वेळ बंद ठेवायचं, हे ठरवण्याची सोय होती. २००० मध्ये सगळी अकाउंटं एका जागेवरून सांभाळणारी ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आली आणि हजारो कर्मचाऱ्यांना एकच नियम लावणं सोपं झालं. अनेक ठिकाणी तीन चुकांची मर्यादा घातली गेली, आणि ‘अकाउंट लॉक झालंय, उघडून द्या’ हा आयटी विभागाला येणारा रोजचा फोन झाला.

हे फोन बहुतेक वेळा चोरामुळे येत नाहीत, आणि बोटं चुकल्यामुळेही येत नाहीत. माणूस सोमवारी पासवर्ड बदलतो, पण त्याच्या मोबाइलमधला मेल जुनाच पासवर्ड पाठवत राहतो. कुठल्या तरी सर्व्हरवर त्याचं सेशन उघडंच राहिलेलं असतं किंवा रात्री चालणारं एखादं काम त्याच्या नावावर लावलेलं असतं. म्हणून जाणता ॲडमिन अकाउंट नुसतं उघडून देत नाही. लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या, म्हणजे डोमेन कंट्रोलरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये तो ४७४० क्रमांकाची नोंद शोधतो. कोणत्या यंत्रावरून चुकीचे प्रयत्न झाले ते तीत लिहिलेलं असतं. मग त्या यंत्रावरचे साठवलेले पासवर्ड, जोडलेले ड्राइव्ह आणि सर्व्हिसेस एकेक करून तपासायच्या. या त्रासाची दखल मायक्रोसॉफ्टनेही घेतली. विंडोज सर्व्हर २००३ पासून आधीच्या दोन पासवर्डांपैकी एखादा आला, तर ती चूक धरली जात नाही.

कुलूप उलटतं तेव्हा काय होतं, हे कॉन्फिकरने दाखवलं. नोव्हेंबर २००८ मध्ये पसरू लागलेला हा वर्म कार्यालयाच्या जाळ्यातल्या यंत्रांवर सोप्या पासवर्डांची यादी एकामागून एक चालवून बघायचा. तो आत शिरला नाही तरी अकाउंटं धडाधड लॉक व्हायची आणि कामावर आलेली माणसं बाहेरच अडकायची. अकाउंटं एकदम लॉक होणं हेच त्याच्या लागणीचं ठळक लक्षण ठरलं. ज्याला कर्मचाऱ्यांची नावं ठाऊक आहेत, तो तीन चुकांच्या मर्यादेचा वापर करून अख्खं कार्यालय बंद पाडू शकतो. मर्यादा इतकी खाली ठेवणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये मर्यादा १०० चुकांपर्यंत नेण्याची मुभा दिली. ठरावीक मुदतीने सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावू नका, असंही सांगितलं. फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असलेला पासवर्ड मात्र घेऊच नका, असा तिचा आग्रह आहे. मॉरिस आणि टॉम्पसन यांनी १९७९ मध्येच ज्या रोगावर बोट ठेवलं होतं, त्यावरचं हे औषध आहे. आपल्या अनेक कार्यालयांत मात्र आजही तीन चुका आणि ४५ दिवसांची मुदत असली सेटिंग्ज सापडतात, आणि ऑडिटच्या कागदावर तीच शोभून दिसतात.

एक भगदाड तर फार उशिरा बुजलं. विंडोजमधलं मूळचं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ अकाउंट कितीही चुका झाल्या तरी लॉक होत नसे. सगळ्यात जास्त अधिकार असलेल्या या अकाउंटवर हल्लेखोर महिनोन्‌महिने पासवर्ड घासत बसू शकत होता. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटने ते लॉक करण्याची सोय दिली आणि नव्या यंत्रांवर दहा चुकांनंतर दहा मिनिटं बंद हा नियम आपोआप लागू झाला. जुन्या यंत्रांवर तो ॲडमिनला स्वतः लावावा लागतो.